वळिवाला अवकाळी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या पावसाची बातमी आली. मथळा होता ‘अवकाळीने झोडपले’. आत तिसऱ्या ओळीत ‘ढगफुटीसदृश पाऊस’ आणि शेवटी ‘मान्सूनपूर्व सरींची हजेरी’. एकाच पावसाला तीन नावं. पाऊस मे महिन्यातला, दुपारी चारच्या सुमाराला आलेला आणि पाऊण तासात थांबलेला. अशा पावसाला आमच्याकडे वळीव म्हणतात. तो शब्द मात्र बातमीत एकदाही नव्हता, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी वाईची. पती गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर १९८६ साली तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा पंचवीस वर्षांची होते. पहिल्याच पावसाळ्यात मला एक काम मिळालं. रोज सकाळी साडेआठला आवारातला पर्जन्यमापक वाचायचा आणि आकडा जिल्ह्याला फोनवरून कळवायचा. भर पावसात कोणाला बाहेर जायला नको असायचं, म्हणून ते नव्या माणसाकडे आलं. नरसाळं उचलायचं, आतली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि डोळा पाण्याच्या पातळीवर आणून आकडा वाचायचा. काचेच्या कडेला पाणी जरा वर चढलेलं असतं, ते धरायचं नाही. मधला खोलगट भाग जिथे असेल तो आकडा खरा. हे मला एका वयस्कर शिपायांनी शिकवलं. ते म्हणाले होते, “ताई, एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकराला चार हजार लिटर. वाचताना चुकायचं नाही.” २०१९ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. घराच्या गच्चीवर माझा स्वतःचा पर्जन्यमापक आहे आणि वह्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत.

त्या वह्यांच्या जोरावर सांगते, पाऊस कसा तयार झाला हे कळल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. कारण नावात वेळ असते, व्याप्ती असते आणि माणसाने काय करायचं तेही असतं.

वळीव घ्या. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर उठते. पण नुसत्या तापण्याने पाऊस पडत नाही, नाहीतर मार्चपासून रोज पडला असता. त्याला वाफ लागते. मे महिन्यात अरबी समुद्राकडून येणारे दमट वारे घाट ओलांडून आत शिरू लागतात आणि उत्तरेकडून कोरडे, तापलेले वारे येत असतात. दोघांची गाठ पडते तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट राहत नाही. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरता पसरता गार होते. ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, तीच हवा २० अंशांवर आली की १७ ग्रॅमच. उरलेल्या वाफेचे बारीक थेंब होतात, तो ढग. आणि वाफेचं पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता बाहेर पडते, ती हवेला आणखी वर रेटते. म्हणून हा ढग उतू येणाऱ्या दुधासारखा बघता बघता चढतो. ढगातला थेंब इतका लहान असतो की असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो.

दुपारी दोननंतर माझ्या गच्चीवरून पश्चिमेला पाचगणीच्या टेबललँडकडे पाहिलं की हे दिसतं. तळ सपाट, काळपट आणि वरचा भाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा, फुगत चाललेला. गड्डे उंच झाले आणि माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, की ढग दहा-बारा किलोमीटरच्या वर पोचला असं समजायचं. मग खाली वारा एकदम पडतो. झाडाचं पान हलत नाही, कपाळावर घाम येतो, गुरं कान टवकारतात. आणि अचानक गार झोत येतो, धूळ उडते, पत्रे वाजू लागतात. हा झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा. पडणाऱ्या पावसाचं थोडं पाणी वाटेतच सुकतं, त्याने हवा गार आणि जड होते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. ती पावसाच्या पुढे दोन-चार किलोमीटर धावते. म्हणून आधी वारा आणि मग ते मोठाले, टपोरे, अंगाला लागणारे थेंब.

आता बातमीत ‘वळीव’ एवढा एकच शब्द असता तर वाचणाऱ्याला काय कळलं असतं? पाऊस दुपारनंतर येणार, वारा सुटणार, वीज पडणार. रानात असाल तर झाडाखाली उभं राहायचं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर आहे, म्हणजे आधीच उशीर झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलं आहे, त्याचा उल्लेख बातमीत असायला हवा होता. ‘अवकाळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त नुकसान येतं. वळीव हा वेळेवर येणारा पाऊस आहे. त्याच्यावर नांगरट होते, ढेकळं विरघळतात, विहिरीला थोडा जीव येतो. आमच्या आजीच्या तोंडी तर ‘चांगले दोन वळीव झाले म्हणजे मृगाला पेरता येतं’ हेच वाक्य असायचं.

वळिवाची दुसरी गोष्ट अशी की तो सगळीकडे पडत नाही. त्याचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा, आयुष्य तासाभराचं. ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धुरळा हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. याचं मला एकदा फार दुःख झालं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका मे महिन्यात तालुक्याच्या टोकाच्या गावातला एक शेतकरी कचेरीत आला. शेताचे बांध फुटले होते, लावणीसाठी तयार केलेले आल्याचे वाफे वाहून गेले होते. नियम असा की महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. त्यांच्या मंडळाच्या पर्जन्यमापकात २३ भरले होते. मी वही उघडून आकडा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, डबा तिकडं, पाऊस इकडं.” मला उत्तर देता आलं नाही. आकडा खरा होता आणि माणूसही खरा होता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ‘तालुक्यात किरकोळ पाऊस’ अशी ओळ होती. तिथे ‘वळिवाचा पाऊस, काही गावांत जोरदार, मंडळाच्या नोंदीत न आलेला’ असं छापलं असतं तर निदान त्या माणसाच्या हातात दाखवायला एक कात्रण असतं.

जून-जुलैचा पाऊस वेगळा. तो जमीन तापून तयार होत नाही, तो समुद्रावरून तयारच येतो आणि डोंगर त्याला पाडतो. नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर समुद्रावरून वाफ घेत येतो, कोकण ओलांडतो आणि समोर सह्याद्रीची हजार-बाराशे मीटरची भिंत येते. हवा भिंतीवर चढते, गार होते, तिथेच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पाचगणीला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आणि पसरणी घाट उतरून वाईला आलं की सातशे-आठशेच्या आसपास. सगळा प्रवास एसटीने जेमतेम तासाभराचा. जुलैमध्ये महाबळेश्वरहून निघताना बसच्या काचा पाण्याने आंधळ्या झालेल्या असतात, पाचगणीला वायपर मंद होतो आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर ऊन पडलेलं असतं. घाट उतरताना हवा दबते, तापते, ढग विरतात. पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. हा पाऊस संथ, दिवसरात्र चालणारा, त्याला आपल्याकडे संततधार म्हणतात, झड म्हणतात. त्यात विजा फारशा नसतात. तो मंडळाच्या एका डब्यात बऱ्यापैकी खरा मोजला जातो, कारण पडतो तेव्हा सगळ्या खोऱ्यावर पडतो.

माझं माहेर आणखी पूर्वेला, माण तालुक्यात. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानी. महाबळेश्वराला झोडपणारा जुलै तिथे नुसता वारा घेऊन जातो. तिथला खरा पाऊस सप्टेंबरचा, पूर्वेकडून गडगडत येणारा. नैर्ऋत्येचा वारा ढिला पडला, बंगालच्या उपसागराकडची दमट हवा आत आली आणि उघडिपीने जमीन पुन्हा तापली की दुपारी तेच गड्डे उठतात. रब्बीची ज्वारी त्याच्यावरच. म्हणून ‘परतीच्या पावसाचा तडाखा’ असा मथळा सरसकट सगळ्या जिल्ह्याला लावला की मला वाईट वाटतं. पश्चिमेला भात काढणीला आलेला असतो, तिथे तो तडाखा आहे. माणात त्याच पावसाची वाट बघत लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात.

१९७२ साली मी अकरा वर्षांची होते. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, आम्ही सुकडी खायचो, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खायचो. आईला वाटायचं देवाचा कोप झाला आहे, गावाने काहीतरी पाप केलं आहे. ते मनात धरून ती उपास करायची, आधीच पोटात काही नसताना. त्या वर्षी तिकडे प्रशांत महासागराचं पाणी जोरात तापलं होतं, एल निनो होता, आणि अशा वर्षी आपला मान्सून अनेकदा ओढ देतो, हे मला पुढे चाळीस वर्षांनी वाचायला मिळालं. तिकडच्या आणि इकडच्या हवेच्या दाबाचं हे वर-खाली होणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी उलगडलं ते गिल्बर्ट वॉकर आपल्याच हवामान खात्याचे प्रमुख होते. पुढे १९२८ साली त्या खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला ज्याला सगळे शिमला ऑफिस म्हणतात, ते हेच. तिथून बस जाते तेव्हा मला दर वेळी आई आठवते. तिला कोणीतरी साध्या मराठीत सांगायला हवं होतं की यात तुझी काही चूक नाही.

आता ढगफुटी. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. वेळ आणि क्षेत्र या दोन गोष्टी त्यात आहेत. आपल्या बातमीतला पाऊस माझ्या गच्चीवर पाऊण तासात ३८ मिलिमीटर भरला. जोरदार होता, रस्त्यावर गुडघाभर पाणीही आलं, पण ते बरंचसं नाला बुजल्यामुळे. ढगफुटी म्हटलं की सगळा दोष आभाळावर जातो आणि नाल्याचं कोणी बोलत नाही.

उलट बाजूही बघा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तासाची सरासरी काढली तर २५. सरासरीवर पाहिलं तर ती ढगफुटी म्हणता येणार नाही, पण दरडी कोसळल्या, कोयना-कृष्णेला पूर आले, माणसं गेली. डोंगर चोवीस तास वारा अडवत राहिला आणि पाणी पडत राहिलं, हे त्याचं कारण. म्हणजे ढगफुटी नाही म्हणून धोका नाही असंही नाही. आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. मान्सूनच्या पोटातही असा एखादा वळिवासारखा उंच ढग उभा राहतो. एका शब्दात हे सगळं बसत नाही, म्हणूनच किती मिलिमीटर आणि किती वेळात, एवढं तरी छापा अशी विनंती आहे.

अवकाळी हा शब्द मी टाकून द्या म्हणत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षावर, गव्हावर, मोहरावर पडतो तो अवकाळीच. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतात शिरतात, त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड हवा दक्षिणेपर्यंत उतरते, खाली बंगालच्या उपसागराकडची दमट हवा येते. खाली ऊबदार ओल आणि वर गारठा, मग ढग असा उसळतो की थेंब गोठणाऱ्या थरात जातात आणि वर-खाली होत बर्फाचे थर चढत जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर अशीच गारपीट झाली. कचेरीत पंचनाम्याचे कागद टेबलावर मावत नव्हते. आमच्याकडे नरसाळ्यातच गारा साचल्या होत्या. गारा मोजता येत नाहीत, म्हणून आधी मापाने कोमट पाणी घ्यायचं, ते त्यांच्यावर ओतायचं, विरघळू द्यायचं आणि एकूण मापातून आपलं ओतलेलं पाणी वजा करायचं. एक गार मी सुरीने कापून पाहिली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा एक दुधी. जितके पापुद्रे, तितका तिचा ढगातला प्रवास.

तसंच डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाचे फोटो येतात आणि खाली कुठे कुठे ‘बर्फवृष्टी’ लिहिलेलं असतं. वरून काही पडलेलं नसतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, गवताचं पातं हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावरचं दव गोठतं. दहिवर हा चांगला शब्द आहे आपल्याकडे.

शब्दांची श्रीमंती आपल्याजवळ किती आहे! पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. वळीव, झड, रिपरिप, भुरभुर, सर, संततधार, उघडीप, खंड, ओढ. यातला प्रत्येक शब्द पावसाची एक तऱ्हा ओळखून कोणीतरी ठेवला आहे. अलीकडे वेळापत्रक सरकतं आहे हे मलाही दिसतं. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला, आमच्याकडे वळीव कुठे संपला आणि पावसाळा कुठे लागला हे सांगणं कठीण झालं. हवामान खातंसुद्धा मान्सून आल्याचं नुसत्या पावसावरून जाहीर करत नाही. केरळातल्या ठरलेल्या केंद्रांवरचा पाऊस, वाऱ्याची दिशा आणि त्याच्या थराची जाडी, ढगांचं आच्छादन हे सगळं बघतं. गोंधळाच्या अशा वर्षी तर वर्तमानपत्राने जास्त नेमकं लिहायला हवं.

आपल्या तालुका वार्ताहरांना माझ्या वह्या बघायच्या असतील तर घर उघडं आहे. रोजचा आकडा मी साडेनऊपर्यंत आनंदाने कळवीन, त्यासाठी काही नको. आज सकाळी बाटली कोरडी होती, वहीत शून्य लिहिलं आहे. आत्ता अडीच वाजले आहेत, टेबललँडच्या मागे गड्डे उठायला लागले आहेत आणि वारा पडला आहे. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आहेत, त्या आधी खाली आणते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अव्वल कारकून
वाई, जि. सातारा